मुंबई ते लंडन (हीथ्रो): प्रवासाचे प्रत्यक्ष तास नेमके किती धरावेत?

विश्रामबागकर (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

येत्या ऑक्टोबर २०२६ च्या मध्यावर मी वडिलांना घेऊन मुंबईहून लंडनला, धाकट्या बहिणीकडे, जाणार आहे. परतीचा प्रवास नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वडिलांना मधुमेह असून इन्सुलिन ठरावीक अंतराने घ्यावे लागते. त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे की, "तिकिटावरची घड्याळे मला दाखवू नका, घराबाहेर पडल्यापासून तिकडच्या घरात पाऊल ठेवेपर्यंत प्रत्यक्ष किती तास जातात तेवढे एका कागदावर लिहून आणा." हे काम वाटले तितके सोपे नाही, म्हणून येथे विचारत आहे.

विमान दोन्ही वेळा थेट आहे. जाताना मुंबईहून दुपारी १ वाजता निघून त्याच संध्याकाळी ६ वाजता हीथ्रोला उतरते. येताना हीथ्रोहून रात्री ८.३० वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता मुंबईला पोहोचते. नुसती वजाबाकी केली तर जाताना ५ तास आणि येताना साडेचौदा तास होतात, आणि हे खरे नव्हे एवढे मलाही कळते. दोन्ही देशांच्या वेळेतील फरक साडेचार तास आहे असे वाचून तो हिशेबात घेतला, तेव्हा जाताना साडेनऊ आणि येताना दहा तास आले. परंतु लंडनहून परतताना वेळ कमी लागतो असे ज्याला विचारावे तो सांगतो, आणि माझ्या हिशेबात तर तो वाढतो आहे.

अंतराबाबतही असाच घोळ आहे. एका संकेतस्थळावर ७,२१०, दुसऱ्यावर ४,४८० आणि तिसऱ्यावर ३,८९० असे आकडे दिसतात. एका ठिकाणी "उड्डाणकाळ ८ तास" असे छातीठोकपणे लिहिले आहे. यांतला कोणता आकडा ग्राह्य धरावा आणि डॉक्टरांना काय लिहून द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


कराडची लेक (सध्या मुक्काम लंडन)

दादा, वेळेच्या कोड्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून तेवढेच आधी देते. येथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतली जातात. या वर्षी तो रविवार २५ ऑक्टोबरला येतो. तुम्ही निघाल तेव्हा भारत लंडनच्या साडेचार तास पुढे असेल, परंतु नोव्हेंबरमध्ये परताल तेव्हा हाच फरक साडेपाच तासांचा झालेला असेल. म्हणजे येतानाच्या साडेचौदा तासांतून साडेपाच वजा करा, बरोबर ९ तास राहतात. जाताना साडेनऊ, येताना नऊ, आणि लोक सांगतात तेही खरेच ठरते.

संकेतस्थळे बहुधा आजच्या तारखेचा फरक दाखवतात, तुमच्या प्रवासाच्या तारखेचा नाही. म्हणून माझी सूचना अशी की, दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळात लिहून काढा. तुम्ही हीथ्रोला उतराल तेव्हा सांगलीत रात्रीचे १०.३० वाजलेले असतील. हीथ्रोहून उडाल तेव्हा सांगलीत पहाटेचे २ वाजलेले असतील. वडिलांच्या इन्सुलिनसाठी एक मनगटी घड्याळ पूर्ण प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवावे. फोनवर त्यासाठी विसंबू नये, कारण विमानातून उतरून नेटवर्क मिळाले की तो आपण होऊन वेळ बदलतो.


यवतेश्वरचे मास्तर (सातारा)

मी शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवला असल्यामुळे अंतराच्या प्रश्नाला हात घालतो.

आपण वाचलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची एकके वेगवेगळी आहेत. ७,२१० हे किलोमीटर, ४,४८० हे आपले रस्त्यावरचे जुने मैल आणि ३,८९० हे सागरी मैल होत. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि जहाजांप्रमाणेच विमानांचा कारभारही त्यातच चालतो. संकेतस्थळांनी आकड्यापुढे एकक ठळकपणे लिहिण्याचे कष्ट घेतले असते तर निम्मे प्रश्न निर्माणच झाले नसते.

हा आकडा येतो कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर हीथ्रो सुमारे ५१.५ अंश उत्तर आणि शून्य रेखांशाच्या अगदी किंचित पश्चिमेला आहे. या दोन बिंदूंपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये सुमारे ६४.८५ अंशांचा कोन होतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका अंशाला साधारण १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की ७,२१० च्या आसपास उत्तर येते. सागरी मैल हा एका अंशाचा साठावा भाग धरून ठरवला गेला असल्यामुळे त्याच कोनाला ६० ने गुणले की ३,८९० मिळतात.

हे अंतर ज्या वाटेवर मोजले जाते तिला बृहद्वृत्त म्हणतात. ती वाट पाहायची असेल तर भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवून शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. मी काल तो पुन्हा काढून त्यावर शिवणाचा दोरा धरला. एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर अंगठ्याने दाबून दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत छोट्या वाटेवर सरकून बसतो. सैल असताना तो इराणच्या आखातावर लोळत होता, ताणताच वर चढला. मग तो सौराष्ट्र आणि कच्छवरून सिंध व बलुचिस्तानात शिरला, इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाशी पोहोचला, तेथून कॉकेशसच्या डोंगरांवरून काळ्या समुद्रावर, मग क्रिमिया, पश्चिम युक्रेन आणि जर्मनीवरून इंग्लंडला जाऊन टेकला. प्रवासाच्या मध्यबिंदूपाशी दोऱ्याखाली जॉर्जिया आणि आर्मेनियाची सीमा होती.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन अशी सरळ रेघ ओढली, तर ती होर्मुझ, बगदाद, पश्चिम तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशावरून जाते. दिशादर्शकाचा एकच कोन धरून त्या रेघेने गेले तर सुमारे ७,४१० किलोमीटर पडतात, म्हणजे छोट्या वाटेपेक्षा जेमतेम २०० जास्त. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोसारख्या प्रवासात या दोन वाटांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर पडते, परंतु आपल्या मार्गावर नकाशाची रेघ फारशी फसवत नाही.


विश्रामबागकर

ताई, सर, दोघांचेही मनापासून आभार. २५ ऑक्टोबरची तारीख कळताच हिशेब जुळला.

आता एकच शंका राहते. ७,२१० किलोमीटरला ताशी ९०० किलोमीटर या वेगाने भागले तर बरोबर ८ तास येतात, आणि त्या संकेतस्थळाने बहुधा तेच केले असावे. मग तिकिटावर जाताना साडेनऊ तास का? वरचा दीड तास जातो कोठे? आणि सरांनी दोऱ्याची जी वाट सांगितली, त्या वाटेने आजच्या परिस्थितीत विमाने खरोखर जातात का?


तासगावकर (विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात नोकरी)

तुमची शंका रास्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

प्रथम मास्तरांच्या दोऱ्याबद्दल. ती वाट भूमितीच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु आज त्या वाटेने कोणतीही भारतीय कंपनी पूर्ण मार्ग कापू शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि दोरा नेमका क्रिमिया व पश्चिम युक्रेनवरून जातो. जून २०२५ मध्ये तर संघर्षामुळे इराणची हद्दही काही दिवस बंद झाली होती. म्हणजे ज्या देशांवरून सर्वांत छोटी वाट जाते, त्यांतलेच देश एकामागून एक अडचणीचे ठरले. त्यामुळे विमाने अरबी समुद्र, ओमानचे आखात आणि तुर्कस्तान अशा दक्षिणेकडच्या अंगाने काढावी लागतात. मास्तरांनी नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ आजच्या प्रत्यक्ष मार्गाच्या पुष्कळच जवळची आहे, हा योगायोग मलाही आवडला. मार्ग रोज नव्याने आखला जातो. त्या दिवशीचा वारा, विमानाचे वजन, कोणत्या देशाचे आकाश खुले आहे आणि तो देश आकाश वापरण्याचे किती शुल्क घेतो, हे सर्व पाहून तो ठरतो. हिशेबासाठी आपण प्रत्यक्ष अंतर ७,५०० किलोमीटर धरू.

आता वेग. या मार्गावरची मोठी विमाने ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडतात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर बाहेरचे तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. तुमचा आकडा बरोबरच आहे, मात्र हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे आणि ती हवा स्वतः वाहत असते. आपल्या कृष्णेत नावाडी तेवढ्याच जोराने वल्ही मारतो, तरी पाण्याच्या ओढीबरोबर लवकर पोहोचतो आणि ओढीविरुद्ध उशिरा, तसेच येथे घडते. उत्तर गोलार्धात या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात. ते हिवाळ्यात अधिक बळावतात आणि त्यांच्या गाभ्यात वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. मात्र लंडनचा मार्ग तिरका असल्यामुळे झोत पूर्ण वेळ समोरून किंवा पाठीमागून लागत नाही. सरासरी ३० किलोमीटरचा विरोध धरला, तर जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८७० होतो आणि ७,५०० किलोमीटरला सुमारे ८ तास ३७ मिनिटे लागतात. येताना तेवढीच मदत धरली तर वेग ९३० होतो आणि सुमारे ८ तास ४ मिनिटे लागतात. अर्ध्या तासाचा फरक येथेच दिसतो.

राहिलेला वेळ जमिनीवर आणि जमिनीच्या जवळ जातो. तिकिटावरची वेळ म्हणजे चाके धावपट्टी सोडतात ती वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलते तेथून ते दुसऱ्या विमानतळावर उभ्या जागी थांबते तेथपर्यंतचा तो काळ असतो. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण तेथील वाहतूक इतकी दाट आहे की उतरणाऱ्या विमानांना बोविंगडन, लॅम्बर्न, ओकम आणि बिगिन या चार ठिकाणांपैकी एकावर घिरट्या घालत थांबावे लागणे ही नित्याची बाब आहे. एक घिरटी साधारण चार मिनिटांची असते. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग सहसा २५० नॉटपर्यंतच, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपर्यंतच ठेवतात. हे सर्व मिळून पाऊण ते एक तास सहज जातो आणि कंपन्या तो वेळापत्रकात आधीच धरतात. म्हणूनच विमान अर्धा तास उशिरा सुटूनही पुष्कळदा वेळेवर पोहोचते. वैमानिकाने वेग वाढवून वेळ भरून काढली असे प्रवाशांना वाटते, परंतु वेग वाढवला की इंधन झपाट्याने जळते, त्यामुळे तशी सूट फार थोडी असते.

अंतर जास्त असूनही वेळ कमी लागल्याचे उदाहरण हवे असेल तर २०१६ चे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबून १५,३०० किलोमीटर झाली, तरी पाठीमागून वारा मिळाल्यामुळे ती साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, पार पडली. तेव्हा अंतराला ९०० ने भागून "उड्डाणकाळ" छापणाऱ्या संकेतस्थळाचा तुमच्या कामाला काडीचा उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांसाठी तिकिटावरचाच काळ धरा, तोच सर्वांत विश्वासार्ह आहे.


यवतेश्वरचे मास्तर

तासगावकर यांनी फार छान उलगडून सांगितले. वाऱ्याचा मुद्दा वर्गात मी मोसमी वाऱ्यांच्या ओघात दोन वाक्यांत उरकत असे. हे गणित तेव्हा हाताशी असते तर मुलांनी फळ्याकडे नक्कीच अधिक लक्ष दिले असते.


माहुलीकर (सातारा)

सगळी चर्चा आकाशातली चालली आहे, परंतु सांगलीच्या माणसाचा खरा वेळ जमिनीवर जातो, आणि डॉक्टरांनी तर घर ते घर विचारले आहे.

विश्रामबागहून पेठ नाक्यावर येऊन महामार्गाला लागले की मुंबईच्या विमानतळापर्यंत एकूण सुमारे ३८० किलोमीटर होतात. कऱ्हाड, उंब्रज, सातारा येथपर्यंत फारशी चिंता नसते. पुढे खंबाटकीच्या बोगद्यापाशी, पुण्यात नवले पुलाजवळ आणि शेवटी खंडाळ्याच्या घाटात गाडी किती वेळ अडकेल हे कोणीही सांगू शकत नाही. वडिलांसाठी थांबे धरून ९ तास ठेवावेत आणि जोडून सुट्टी येत असेल तर त्यातही भर घालावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचावे लागते. म्हणजे दुपारी १ च्या विमानासाठी सकाळी १० ला आत हवे, आणि घरातून आदल्या रात्री ११ ला निघालात तर मध्ये दोन तास हाताशी राहतात. रात्रीचा रस्ता नको असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. ती रात्री दहाच्या सुमारास सांगलीहून सुटून सकाळी सातच्या सुमारास मुंबईला पोहोचते. वडिलांना आडवे होता येते आणि दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ गाठता येतो. मधुमेही माणसाला रात्रभर गाडीत बसवून नेण्यापेक्षा मला हा पर्याय अधिक पसंत आहे.

आणखी एक, तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून मुंबईला दोन विमानतळ झाले आहेत. जुन्याचे संक्षिप्त नाव बीओएम, नव्याचे एनएमआय. आकाशातल्या ७,२१० किलोमीटरमध्ये या दोघांतल्या अंतराने काहीच बिघडत नाही, परंतु आपण पनवेलकडून येणारी माणसे असल्यामुळे वाशी आणि चेंबूरची गर्दी लागणार की टळणार, ते त्या तीन अक्षरांवर ठरते.


विश्रामबागकर

माहुलीकर, हा भाग माझ्या ध्यानातच आला नव्हता. तिकीट तपासले, जुनाच विमानतळ आहे.

सर्वांच्या माहितीवरून डॉक्टरांसाठी पुढीलप्रमाणे लिहिले आहे. जाताना आदल्या रात्री ११ ला घर सोडल्यापासून विमान हलेपर्यंत १४ तास, विमानात साडेनऊ तास, आणि उतरल्यावर पारपत्र तपासणी, सामान व बहिणीच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून अडीच तास, असे एकूण २६ तास. येताना तिच्या घरातून संध्याकाळी ४ ला निघून विमान हलेपर्यंत साडेचार तास, विमानात ९ तास, मुंबईत बाहेर पडायला दीड तास आणि सांगलीपर्यंत ९ तास, असे एकूण २४ तास. प्रत्येक टप्प्यापुढे भारतीय घड्याळाची वेळही लिहिली आहे. यात काही राहिले असल्यास सांगावे.


कराडची लेक

दादा, कागद चांगला झाला आहे. फक्त हीथ्रोवरचे अडीच तास मला थोडे कमी वाटतात, कारण संध्याकाळी ६ च्या सुमारास उतरणारी विमाने बरीच असतात आणि बाहेर पडल्यावरही रस्त्याला गर्दी असते. तेथे साडेतीन लिहा. विमानातून तपासणीच्या रांगेपर्यंत बरेच चालावे लागते, म्हणून वडिलांसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी आत्ताच कंपनीकडे नोंदवून ठेवावी.


तासगावकर

मीही एक भर घालतो. घिरट्या, वारा किंवा बदललेला मार्ग यांमुळे विमानातल्या काळात तासाभराची वाढ होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना "साडेनऊ, कदाचित साडेदहा" आणि "नऊ, कदाचित दहा" असे सांगावे. दुपारी १ ला निघणाऱ्या विमानात पहिले जेवण सहसा उड्डाणानंतर तास-दीड तासाने आणि दुसरे खाणे उतरण्याच्या साधारण दोन तास आधी देतात. मधल्या पाच-सहा तासांत काही मिळेल असे गृहीत धरू नये. इन्सुलिन, सुया, डॉक्टरांची चिठ्ठी आणि खाण्याचे थोडे सामान हातातल्या पिशवीतच असावे. सामानाच्या कप्प्यात टाकलेली बॅग साडेनऊ तास तुमच्या हाती लागणार नाही.